मोहोर अडतो सावलीत

हापूस आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघर यांच्या जोडीला ठाणे जिल्ह्याचेही नाव त्यात आले. म्हणजे कागदोपत्री ठाणे शहरातला कळवा हा हापूसचा मुलूख ठरतो. प्रत्यक्षात कळव्यातला आंबा म्हणजे सोसायटीच्या कुंपणालगत वाढलेले एखादे झाड, नाहीतर खारेगाव-विटाव्याच्या जुन्या गावठाणात घरांच्या गर्दीतून टिकून राहिलेला एखादा रायवळ. यातली कितीतरी झाडे कोणी ठरवून लावलेली नसतात. खाऊन टाकलेल्या कोयीतून ती उगवतात आणि कोणी उपटत नाही म्हणून वाढतात. झाड तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत पोचते, पानांनी गच्च भरते, पण आंबे धरत नाही. धरले तर शेंड्याला, जिथे कावळे-पोपटांखेरीज कोणी पोचत नाही. मग उपाय सुरू होतात. कोणी बुंध्याशी मीठ घालायला सांगतो, कोणी खोडात खिळे ठोकायला, आणि जरा शिकलेला माणूस ‘खत कमी पडतंय’ असे निदान करून दुकानातून युरिया आणतो. माझे म्हणणे असे की यातल्या बहुतेक झाडांना ना मीठ हवे, ना खिळे, आणि खतही नंतर पाहता येईल. त्यांना आधी ऊन हवे. ते मिळण्याचा एकच मार्ग आहे: दरवर्षी, ठरावीक वेळी, फळझाडाची समज असलेल्या हाताने केलेली छाटणी. तशी छाटणी झाली तर पावसाळ्यात झाड कोसळण्याची भीतीही कमी होते. आज आपल्या शहरांत जी छाटणी होते तिने मात्र दोन्ही हेतू बुडतात.

आंब्याचा मोहोर फांदीच्या टोकाला येतो आणि तोही पक्व झालेल्या काडीवर. कोवळ्या पालवीला मोहोर येत नाही. काडी काही महिन्यांची व्हावी लागते, पाने गडद आणि कडक व्हावी लागतात, तिच्यात पुरेसे अन्न साठावे लागते. हे अन्न पानात, उन्हात तयार होते. घुमटासारख्या गच्च झाडात ऊन फक्त बाहेरच्या थरावर पडते. आतल्या फांद्या सावलीत राहतात, जेमतेम जगतात, मोहोर देत नाहीत आणि वरच्या थराने केलेल्या अन्नावर वाटा मात्र मागतात. म्हणून झाड जितके मोठे दिसते तितके त्याचे फळ देणारे अंग मोठे नसते. पुढची गळती त्याहून मोठी आहे. मोहोराच्या एका तुऱ्यात हजारो फुले असू शकतात, त्यातली बरीचशी नर, आणि उभयलिंगी फुलांतूनही शेवटपर्यंत टिकणारी फळे फारच थोडी. परागीकरणाचे बहुतेक काम साध्या माश्या करतात. गच्च, ओलसर, वारा न खेळणाऱ्या झाडात याच काळात तुडतुडे आणि भुरी यांची चंगळ होते. तुडतुडे दाट सावलीत दडतात, मोहोरातला रस शोषतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. भुरीने मोहोर पांढरा पडून झडतो. बागायतदार यावर ठरलेल्या वेळापत्रकाने औषधे फवारतो. कळव्यातल्या सोसायटीत, खिडकीपासून चार हातांवर, कीटकनाशक फवारणे शक्य नाही आणि करूही नये. तेव्हा रोगकीड कमी ठेवायची तर झाडात वारा आणि ऊन खेळते ठेवणे एवढीच गोष्ट आपल्या हातात उरते.

हे म्हणणे नुसत्या तर्कावर उभे नाही; त्याचा मोठा पुरावा कोकणातच पसरलेला आहे. महाराष्ट्रात १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातल्या वरकस जमिनीवर आंबा-काजूची झाडे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. नेहमीची शिफारस दहा मीटर बाय दहा मीटर अंतराची, म्हणजे हेक्टरी शंभर कलमे. पहिली पंधरा-वीस वर्षे हे अंतर मोकळे वाटते. मग फांद्या एकमेकांत शिरतात, झाडे उजेडासाठी वर पळू लागतात, आणि फळ शेंड्याला जाते. महाराष्ट्राची आंब्याची हेक्टरी उत्पादकता देशाच्या सरासरीपेक्षा बरीच कमी आहे. याचे खापर सगळे सावलीवर फोडता येणार नाही. हापूस मुळातच एक वर्षाआड भरणारा. त्यात अवेळी पाऊस, थंडीची लहर, फुलकिडे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा मोहोर येऊन आधीची फळे गळणे अशी संकटे आहेतच. पण हवामान बागायतदाराच्या हातात नाही, झाडाचा आकार आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या, दाट बागांसाठी पुनरुज्जीवनाची शिफारस केली ती याच कारणाने: झाडाची उंची उतरवायची, मधली सरळ वर गेलेली फांदी काढून झाडाचे पोट उन्हाला उघडे करायचे, कापांना बोर्डो मलम लावायचे, खोडकिड्यावर नजर ठेवायची आणि येणाऱ्या फुटव्यांतले मोजके राखायचे. पहिली दोन वर्षे फळ जवळजवळ बुडते, तिसऱ्या वर्षापासून झाड पुन्हा धरू लागते. नव्या लागवडीत पाच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे हेक्टरी चारशे झाडे बसवण्याचा विचार पुढे आला, तोही दरवर्षीच्या छाटणीच्या भरवशावरच. छाटणी टाळली की घन लागवड काही वर्षांत जंगल होते.

आता शहरात काय होते ते पाहू. पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मे महिन्यांत, ‘धोकादायक फांद्या’ काढण्याची मोहीम निघते. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या वेगळ्या निघतात, इमारतीला घासणाऱ्या वेगळ्या. वेळ म्हणाल तर आंब्यासाठी ती फारशी चुकीची नाही; आंबे उतरल्यावर लगेच, जोराचा पाऊस लागण्यापूर्वी केलेली हलकी छाटणी चांगलीच, कारण नव्या फुटव्यांना पक्व व्हायला पुढचा मोहोर येईपर्यंत पुरेसे महिने मिळतात. चुकते ती पद्धत. फांदी जिथून फुटली तिथून न काढता मधूनच तोडली जाते. त्या ठुंठातून पाचसहा सरळसोट फुटवे येतात, पानांचा नवा गुच्छ तयार होतो, आणि आधी होती त्याहून दाट सावली वर्षभरात पडते. शिवाय अशा फुटव्यांची मूळ फांदीशी पकड कच्ची असते. वादळात पहिल्यांदा तेच मोडतात. इमारतीकडची बाजू सफाचट आणि रस्त्याकडची तशीच, असे झाले की झाडाचा तोल जातो. उघड्या कापांतून पावसाचे पाणी शिरते, लाकूड कुजते, भिरूड लागते, आणि काही वर्षांनी तेच झाड खरोखर धोकादायक ठरून यादीत चढते. ज्या कामाचा हेतू झाड सुरक्षित करण्याचा होता, ते कामच त्याला असुरक्षित करते.

फळासाठीची छाटणी याच्या अगदी उलट चालते. ती थोडी पण दरवर्षी होते. एका वर्षात पालवीचा फार तर पाव हिस्सा काढायचा. उंची एकदम न उतरवता तीन-चार वर्षांत उतरवायची. वाळलेल्या, रोगट, एकमेकांना घासणाऱ्या फांद्या आधी. त्यानंतर मधली एखाददुसरी सरळ वर गेलेली फांदी, तीही मुळापासून, ठुंठ न ठेवता. बांडगूळ असेल तर ते बसले आहे त्याच्याखाली फांदी कापून, नाहीतर ते पुन्हा फुटते. कापांना बोर्डो मलम. झाडाचे वजन चारी बाजूंना सारखे राहील हे पाहायचे. एवढे केले की उरलेल्या फांद्यांना ऊन मिळते, त्या जाड आणि मजबूत होतात, वारा झाडाला ढकलण्याऐवजी त्याच्यातून जातो. आणि फळ हाताच्या, निदान झेल्याच्या टप्प्यात येते. दापोलीच्या विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला देठासकट आंबा उतरवण्यासाठीच आहे. पण झाड चाळीस फुटांचे असेल तर झेला कितीही चांगला असून काय उपयोग?

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. ‘छाटणी चांगली’ असे वर्तमानपत्रात लिहिले की त्याचा फायदा कोण घेणार? ज्याला गाडी लावायला जागा हवी तो, ज्याला दुकानाची पाटी दिसायला हवी तो. फळाच्या नावाखाली झाडाची कत्तल होईल ही भीती खोटी नाही. म्हणूनच कायद्याचे भान ठेवायला हवे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, आणि त्यात झाड तोडणे या शब्दांच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देण्याची तरतूद झाली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधनही आले. गावठाणातले जुने रायवळ या वयाचे सहज असू शकतात. तेव्हा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय कोणीही कोयता उचलू नये, हे निर्विवाद. पण परवानगी म्हणजे नुसता होकार किंवा नकार असेल तर तिचा उपयोग अर्धाच. ठाणे महापालिकेने फळझाडांसाठी परवानगीचा वेगळा नमुना करावा: कोणत्या फांद्या, कुठून, किती, कोणत्या महिन्यात, कापांवर काय लावणार, आणि काम झाल्यावर झाड कसे दिसते याचे छायाचित्र. कंत्राटाच्या अटींत ठुंठ न ठेवणे आणि चारी बाजूंचा तोल राखणे हे शब्द असावेत. कोयता चालवणाऱ्या माणसाला दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यायला दापोलीचे विद्यापीठ आहे, डहाणूकडे कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आहे. छाटणीच्या गैरवापरावर बंदी हा उपाय नाही, कारण बंदी असूनही मे महिन्यात फांद्या पडतातच. फक्त त्या वाईट पद्धतीने पडतात.

उन्हाची बाजू झाली; जमिनीखालची बाजू कळव्यात जास्त बिकट आहे. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि मधल्या सखल भागातल्या बऱ्याच इमारती भरावावर उभ्या. रत्नागिरीच्या जांभ्यातून पाणी झरझर निघून जाते. इथल्या भरावाखाली ते साचते आणि खाडीजवळ खारटही असते. आंब्याला खारे पाणी सोसत नाही, पानांची टोके आणि कडा करपतात. बांधकामाचा राबिट म्हणजे सिमेंट-चुना, त्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह, जस्त यांसारखी द्रव्ये मातीत असूनही मुळांना उचलता येत नाहीत. त्यावर पेव्हर ब्लॉक. विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे दहा वर्षांच्या आणि त्यापुढच्या हापूसच्या झाडाला दरवर्षी ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश लागते, आणि ते पावसाच्या सुरुवातीला फांद्यांच्या विस्ताराखाली गोल चर खणून द्यायचे असते, कारण अन्न घेणारी बारीक मुळे तिथे असतात, बुंध्याशी नसतात. सोसायटीत नेमकी तीच जागा फरशीखाली गेलेली असते, आणि खत पडते बुंध्याभोवतीच्या हातभर आळ्यात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितले, ते झाडाला श्वास घेता यावा एवढ्यापुरते. फळ हवे असेल तर मीटरभर पुरत नाही. निदान एका बाजूचे पेव्हर काढून तिथे पालापाचोळा आणि सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचे खत द्यावे. झाडाची स्वतःची गळलेली पाने रोज झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकायची आणि मग त्याच झाडासाठी खताची पिशवी विकत आणायची, हा व्यवहार मला कधी कळलेला नाही.

पाण्याचाही एक घोटाळा आहे, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आंब्याला कोरडा ताण बसावा लागतो. ताण आणि त्यावर थंडी, या जोडीने काडीतून पालवीऐवजी मोहोर निघतो. बागेत हा ताण आपोआप बसतो. सोसायटीत मात्र पाऊस थांबला की माळी पाइप घेऊन लॉनला आणि कुंड्यांना रोज पाणी घालू लागतो, ते पाणी आंब्याच्या मुळांशी जाते, आणि डिसेंबरात सगळीकडे मोहोर दिसत असताना आपले झाड तांबूस पालवीने नटलेले असते. लोक म्हणतात, किती सुंदर दिसतेय. दिसते खरे. पाण्याची खरी गरज पुढे असते: फळे वाटाण्याएवढी झाल्यावर पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा, दर झाडाला दीडशे-दोनशे लिटर, ही विद्यापीठाची शिफारस आहे. त्याने फळगळ कमी होते. कळव्यात उन्हाळ्यात टँकर मागवावा लागणाऱ्या सोसायटीला हे पाणी डोळ्यांत खुपेल, पण तीन महिने लॉनवर ओतलेल्या पाण्याच्या मानाने ते काहीच नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. छाटणीची आणि पेव्हर उखडण्याची एवढी उस्तवार कशाला? कोकणात पॅक्लोब्युट्राझोल घालतात, ज्याला सगळे कल्टार म्हणतात. ते घातले की दरवर्षी मोहोर येतो. येतो, हे खरे आहे. झाडाची शाकीय वाढ करणारे जिबरेलिन हे संप्रेरक ते रोखते, त्यामुळे झाड पालवीकडून मोहोराकडे वळते. शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला तीन मिलिलिटर अशी आहे, मुळांजवळ, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. पण शिफारस निरोगी, खतपाणी पुरेसे असलेल्या झाडासाठी आहे. कोकणात कराराने बाग घेणारा एक-दोन हंगामांत पैसे वसूल करायला बघतो, मात्रा वाढवतो, खत घालत नाही, आणि बाग मालकाच्या हाती परत येते तेव्हा फांद्यांचे पेर आखडलेले, झाड थकलेले असते. कळव्यातले झाड आधीच उपाशी. त्याला मोहोराची सक्ती करणे म्हणजे उरलेसुरले खर्चायला लावणे. शिवाय हे रसायन मातीत बराच काळ राहते, आणि इथल्या मातीतले पाणी कुठे जाते हे खाडी शेजारी असताना वेगळे सांगायला नको. सावलीत कोंडलेल्या काडीला औषधाने मोहोर आणता येईल एखादे वेळी, फळ पोसायला लागणारे ऊन औषधात नसते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, कारण तो शेतीचा नसून शेजाराचा आहे. आंबे लागले की दगड येतात, गाडीची काच फुटते, पोरे गच्चीवरून लोंबकळतात, आणि सर्वसाधारण सभेत आंबे कोणाचे यावर तासभर जातो. त्यापेक्षा झाड वांझ राहिलेले बरे, असे म्हणणारे सचिव अडाणी नसतात. त्यांनी अनुभव घेतलेला असतो. पण यातला निम्मा त्रास उंचीचा आहे. फळ पोचण्याच्या बाहेर असते म्हणून दगड मारले जातात. वेळेवर उतरवता येत नाही म्हणून पिकून गाडीवर पडते, फळमाशी लागते, खाली चिकट चिखल होतो. झाड वीस फुटांत असेल तर पक्व कैऱ्या एका सकाळी झेल्याने उतरतात, पेंढ्यात घालून पिकवता येतात आणि घरटी वाटता येतात. खाली पडलेली किडकी फळे रोज उचलून नष्ट केली आणि मिथाइल युजेनॉलचा रक्षक सापळा टांगला तर फळमाशीचे बरेचसे काम फवारणीविना भागते. वाटपाचा ठराव मात्र मोहोर येण्याआधी करावा. फळ दिसल्यावर माणसे न्यायाने बोलत नाहीत.

कोणी म्हणेल की कोयीतून उगवलेल्या रायवळासाठी एवढे कशाला, ते काही हापूस नव्हे. हापूसची इतकी पूजा झाली आहे की बाकीचा आंबा आपल्याला आंबाच वाटेनासा झाला. रायवळाचे लोणचे, कोयाडे, चोखून खाण्याची मजा हापूसला नाही, आणि आपल्या हवामानाला, रोगांना तो जास्त तोंड देतो. ज्यांना जात बदलायचीच आहे त्यांना वाट आहे: छाटणीनंतर आलेल्या जोमदार फुटव्यांवर हव्या त्या जातीचे मृदुकाष्ठ कलम करता येते, खोड आणि मुळे तीच राहतात. त्यातही हापूसचाच हट्ट नको. दापोलीने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला रत्ना हापूसपेक्षा नियमित धरतो आणि त्याच्या गरात साक्याचा दोष नसतो. जिथे एकच झाड आहे आणि वर्षाआडची हुलकावणी नको आहे, तिथे तो बरा. पण खोटी आशाही दाखवू नये. चारी बाजूंनी सात मजले उभे राहिलेल्या अंगणात, जिथे दिवसाला दोन तासच ऊन येते, तिथे कोणतीही छाटणी आंबा देणार नाही. तिथे त्या झाडाकडे सावली म्हणूनच पाहावे, आणि नवीन झाड लावताना तरी आंबा कुठे लावतो आहोत हे मे महिन्यातल्या नव्हे, डिसेंबरातल्या उन्हाकडे बघून ठरवावे. कारण मोहोराच्या वेळी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि शेजारच्या इमारतीची सावली तेव्हाच सर्वांत लांब पडते.

बाकी ठिकाणी अडचण एवढीच उरते की नीट छाटायला घेतलेले जुने झाड पहिले दोन हंगाम फारसे फळ देत नाही, आणि त्या दोन वर्षांत ‘झाड मारले’ असे म्हणणारे बोलून घेतात. गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते. निवडून आल्यावर पहिल्याच जूनमध्ये ज्या समितीने परवानगी काढून हे काम सुरू केले, तिला पुढच्या निवडणुकीपूर्वी निदान दोनदा आंबे वाटायला मिळतील.